साखर सेंद्रिय, पण चमचे किती?

खरं सांगू का? सेंद्रिय साखरेची पिशवी आपण बऱ्याचदा मुलांसाठी घेतच नाही. आपल्याच जिवाला बरं वाटावं म्हणून घेतो.

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ऑफिसातून येता येता दुकानात शिरलेलो असतो. फोनवर शाळेच्या ग्रुपात उद्या न्यायच्या चार्ट पेपरवरून धुमाकूळ चाललेला. ट्रॉलीत बिस्किटांचे दोन पुडे, सॉसची बाटली, नूडल्स ही मंडळी आधीच जाऊन बसलेली. तेवढ्यात ती सोनेरी दाण्यांची पिशवी दिसते. वर हिरवं पान, खाली साध्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट किंमत. आपण ती उचलतो, आणि बिस्किटांच्या पुड्यांची टोचणी जरा कमी होते.

मीही घेते हो. तेव्हा ती घेऊ नका असं सांगायला मी बसलेले नाही. ती घरी आणल्यावर जे होतं, त्याबद्दल मात्र बोलू या. साखर सेंद्रिय आहे म्हटल्यावर आपला हात सैल होतो. "घरचाच केक आहे, त्यात ऑरगॅनिक साखर, खाऊ दे की अजून एक तुकडा!" हे वाक्य आपल्यापैकी कोण म्हणालेलं नाही?

आधी त्या पिशवीत असतं काय, ते बघू.

उसाचा रस काढला की तो गढूळ असतो. तो स्वच्छ करायला आपल्याकडचे बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, वापरतात. मग रस आटवायचा, दाणा पाडायचा, मळी वेगळी काढायची आणि दाणा धुऊन पांढरा करायचा. सेंद्रिय साखरेच्या उसाला रासायनिक खतं, कीटकनाशकं, तणनाशकं चालत नाहीत. शेत 'सेंद्रिय' म्हणून मान्य व्हायलाच दोन-तीन वर्षं जातात. कारखान्यातही गंधकाला मज्जाव. दाणा फार धूत नाहीत, त्यामुळे त्यावर मळीचा पातळसा थर राहतो. तो सोनेरी रंग आणि किंचित काकवीसारखा वास येतो तो त्या थराचा.

आणि बाकी? बाकी साखरच. सपाट भरलेला छोटा चमचा घेतला तर चार ग्रॅम, सोळा कॅलरी. पांढरीच्या तेवढ्याच. मळीच्या थरातून खनिजं मिळतात म्हणतात, पण ती इतकी नखभर असतात की तेवढ्यासाठी साखर खाण्यापेक्षा मुलाच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवलेले बरे.

दुकानात आणखी एक घोळ होतो. 'ब्राऊन शुगर' म्हणजे सेंद्रिय असं नसतं, पुष्कळदा ती पांढऱ्या साखरेत परत मळी मिसळून केलेली असते. 'सल्फर-फ्री' म्हणजे रस साफ करण्याची पद्धत वेगळी, उसाच्या शेतात काय फवारलं त्याबद्दल ते अक्षरही बोलत नाही. 'नॅचरल' आणि 'केमिकल फ्री' हे तर कुणीही छापावं. घ्यायचीच असेल तर पिशवीवर 'जैविक भारत' किंवा 'इंडिया ऑरगॅनिक' हे शिक्के शोधा. बाकीच्या पानाफुलांकडे लक्ष देऊ नका.

गुळाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. पण हळदीसारखा पिवळाधमक गूळ दिसला की समजावं, बहुधा रंगासाठी त्यात हायड्रॉस नावाचं रसायन पडलंय. काळपट, जरा चिकट, दिसायला डावा असलेला गूळ घ्यावा. चवीलाही तो उजवा. मात्र गुळात लोह असतं म्हणून डब्यात रोज चिक्की, हे गणित जमत नाही. मुलाच्या पोटात दिवसाला जाणार पाच-दहा ग्रॅम गूळ, त्यातलं लोह ते कितीसं! आणि चिक्की दाताला चिकटून बसते ती वेगळीच.

दाताला तर सेंद्रिय-बिंद्रिय काही कळत नाही. तोंडातले जंतू कुठल्याही साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताचं कवच पोखरतं. त्यातही एकदम किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू दातांना परवडतो. दुपारभर येता-जाता तोडलेला तोच लाडू परवडत नाही.

मग सेंद्रिय साखर घ्यावी कशाला? माझं मत विचाराल तर शेतासाठी घ्यावी. माती, विहिरीचं पाणी, फवारणी करणाऱ्या माणसाचे हात, यांच्यासाठी ते जास्तीचे पैसे द्यावेत. तोही विचार पुरा होत नाही म्हणा. बीडकडून दरवर्षी कोयते घेऊन निघणारी ऊसतोड कुटुंबं, आणि शाळा अर्धी सोडून त्यांच्याबरोबर निघणारी मुलं, यांच्याबद्दल त्या हिरव्या पानावर काहीच लिहिलेलं नसतं. आपल्या लेकराच्या चमच्याची काळजी करताना हे मधूनच आठवतं, आणि आठवावंच.

असो. आता चमच्यांकडे येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं. 'वरून घातलेली' यात गूळ, मध, सरबतं आणि फळांचा रससुद्धा आला. अख्खं फळ आणि साधं दूध यात मोजत नाहीत. पहिली-दुसरीतल्या मुलाला दिवसाला साधारण चौदाशे कॅलरी लागतात असं धरलं, तर पाच टक्के म्हणजे चार चमचे. दहा टक्के म्हणजे आठ-नऊ.

चार चमचे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरातला चमचा हातात घेऊन नुसती बघत राहिले. कारण आपण साखर घालतो ती सपाट चमच्याने नव्हे. आपला चमचा शिगोशीग असतो, त्यावर डोंगर असतो, आणि तो डोंगर बरणीवर झटकायचा असतो हे आपल्या आयांनी आपल्याला कधी शिकवलेलं नाही.

आता एक साधा दिवस मांडून बघा. सकाळच्या दुधात दोन चमचे. दुधात घालायची जी 'शक्तिवर्धक' पावडर असते, तिच्यात साखर आधीच असते, ती वेगळी. डब्यात पोळी-जॅमचा रोल. शाळेतून आल्यावर दोनशे मिलीचा रसाचा खोका, त्यात साधारण पाच-सहा चमचे. संध्याकाळी पराठ्याबरोबर सॉस, एका मोठ्या चमच्याला एक चमचा साखर. अजून मुलाने 'गोड' असं काही खाल्लेलंच नाही! रात्री तो लाडू मागतो, तेव्हा मात्र आपल्याला एकदम साखरेची आठवण होते आणि आपण म्हणतो, "आज खूप गोड झालं हं तुझं."

त्याला काय वाटत असेल? त्याला तर दिवसभरात गोड खाल्ल्याचं आठवतही नाही. खोका आपण दिला, जॅम आपण लावला. आणि जे त्याने आपणहून मागितलं, आजीच्या हातचं, तेवढंच नेमकं वाईट ठरलं.

म्हणून मला वाटतं, कात्री लावायची तर आधी या न दिसणाऱ्या साखरेला लावावी. खोका बंद केला, पावडर बंद केली, की पाच-सात चमचे परस्पर गेले. मुलाचा त्यांच्यावर जीवही नसतो फारसा. मग घरच्या केकसाठी, शिऱ्यासाठी, लाडवासाठी हातात काही उरतं. आणि जे उरतं, ते चवीने खाता येतं.

घरचं करणं म्हणजे काय, ते जरा स्वयंपाकघरात जाऊनच सांगते.

रव्याचा केक घ्या. आपली नेहमीची रीत: एक वाटी रवा, एक वाटी साखर. मोठी वाटी साखर म्हणजे दोनशे ग्रॅम. केकचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात पाच चमचे साखर. झाला की दिवसाचा कोटा, वर एक उधारी! साखर पाऊण वाटी केली तर घरात कुणाला कळतसुद्धा नाही. अर्ध्या वाटीवर आलात तर मात्र केक बोलायला लागतो. कारण साखर तिथे नुसती गोडीसाठी नसते. ती ओल धरून ठेवते, केक मऊ ठेवते, वरचा बदामी रंगही बराचसा तिचाच. ती निम्मी केली की केक फिकट आणि कोरडा होतो. तेव्हा निम्मी करायची असेल तर एक पूर्ण पिकलेलं, साल काळी पडलेलं केळं कुस्करून घाला, किंवा दही थोडं वाढवा. चिमूटभर मीठ विसरू नका. वेलदोडा, जायफळ, दालचिनी यांच्या वासाने जिभेला पदार्थ आहे त्याहून गोड वाटतो. आपल्या आज्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं कोण जाणे, पण एकाही खिरीत त्यांनी वेलची चुकवली नाही.

सेंद्रिय साखरेची इथे एक खोड आहे. तिचा दाणा बहुतेकदा जाड असतो. लोण्यात किंवा तुपात फेसायला घेतलात तर ती विरघळायचं नाव घेत नाही, केकच्या तळाशी कचकच राहते. म्हणून ती आधी मिक्सरमधून फिरवून घ्यायची. हे काम मुलांना द्या. बटण दाबायला आणि मग झाकण उघडल्यावर उडालेल्या धुरळ्यात बोट फिरवायला त्यांना फार आवडतं. ते चाटलेलं बोट मोजू नका, कृपा करून.

पण त्या जाड दाण्याचा एक उपयोगही आहे, आणि तो मला आमच्या सासूबाईंच्या तूप-साखर-पोळीने दाखवला.

त्या काय करतात बघा. गरम पोळी ताटात घेतात, तूप लावतात, मग डब्यातून साखर काढतात ती चमच्याने नव्हे, तीन बोटांच्या चिमटीने. ती वरून भुरभुरतात, अशी की प्रत्येक घासाला दोन-चार दाणे यावेत. पोळीची गुंडाळी करतात आणि खालचं टोक आत दुमडतात, म्हणजे पातळ झालेलं तूप नि साखर नातवाच्या कोपरापर्यंत ओघळू नये. एवढं सगळं मिळून साखर पडते जेमतेम एक चमचा. आणि खाणाऱ्याचा चेहरा बघावा, त्याला वाटतं आपण मेजवानी झोडतोय.

कारण ती साखर कणकेत मुरलेली नसते. ती थेट जिभेला भेटते, दाताखाली कुरकुरते. हाच एक चमचा कणीक मळताना आत घातला असता तर त्याचा पत्ताही लागला नसता.

मग मी तेच केकला, नानकटाईला, अगदी गव्हाच्या बिस्किटांना लावलं. आत साखर कमी, आणि भट्टीत जाण्याआधी वरून सेंद्रिय साखरेचे जाड दाणे, चमचाभर, सगळ्या केकला मिळून. वर एक करकरीत पापुद्रा येतो, त्याला काकवीचा वास असतो. मुलं आधी तेवढाच कुरतडून खातात. महागाची साखर अशा ठिकाणी वापरावी, जिथे ती दिसेल, वास देईल आणि चमचाभर पुरेल. पिठात किलोने ढवळायला ती घेऊ नये. तिथे आपल्या खिशालाही परवडत नाही आणि जिभेला फरकही कळत नाही.

गूळ वापरणाऱ्यांनी एवढंच सांभाळावं, की उकळत्या दुधात तो टाकू नये, दूध फाटतं. खीर शिजली, गॅस बंद केला, जरा निवली, मग गूळ. आणि थंडगार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. फ्रिजमधल्या श्रीखंडाला आणि आइस्क्रीमला साखर एवढी ओढते ती त्यामुळेच. तेव्हा फ्रिजमधला गोड पदार्थ खाली काढून दहा मिनिटं ठेवा, मग खा, कमी साखरेतही तो गोड लागेल. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याला मात्र हात लावायचा नाही. तिथे सव्वाचं माप म्हणजे सव्वाच. वर्षातून एकदा येतो तो, त्याच्याशी कसलं भांडण?

अगदी लहान मुलांच्या आईबाबांसाठी जरा वेगळं बोलायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही शुद्ध असो. त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर न घातलेलीच बरी. आपल्याला वाटतं, नाचणीच्या सत्त्वात साखर नाही घातली तर बाळ खाईल कसं? बाळाला कुठे माहीत असतं की त्यात साखर असते! आपल्याला बेचव लागतं ते, बाळाला नव्हे.

याबद्दल एक फार चांगला अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ब्रिटनमध्ये महायुद्धापासून साखर रेशनवर होती, ती १९५३ च्या सप्टेंबरमध्ये खुली झाली. लोकांचं साखर खाणं पाहता पाहता जवळजवळ दुप्पट झालं. संशोधकांनी त्या सुमाराला जन्मलेल्या माणसांची म्हातारपणापर्यंतची आरोग्याची नोंद तपासली. आईच्या पोटातले दिवस आणि पहिली दोन वर्षं ज्यांची रेशनच्या काळात गेली, त्यांना पुढे टाइप दोनच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. त्यांच्या आयांनी काही ठरवून केलं नव्हतं हो, दुकानात साखर मोजकीच मिळत होती. आपल्याला मात्र भरल्या दुकानात ते ठरवून करायचंय, म्हणून आपलं काम अवघड. हे वाचून तिसरीतल्या मुलाच्या आईने "माझं चुकलंच" म्हणत बसू नये. पुढचं सगळं आयुष्य अजून आपल्याच स्वयंपाकघरातून जाणार आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते.

२०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कुठल्या पेयात किती साखर, हे मुलांना दिसावं म्हणून. कल्पना चांगलीच आहे. पण मुलं असं काही घरी आणतात ते अर्धं आणि ठळक करून आणतात. आमची धाकटी एकदा ताटातला बेसनाचा लाडू समोर ठेवून विचारत होती, "आई, हे विष आहे का?" तिच्या आवाजात कुतूहल नव्हतं, भीती होती. आणि शेजारी तिची आजी उभी होती, जिने सकाळपासून ते बेसन भाजलं होतं.

साखरेबद्दल आपण मुलांसमोर जे बोलतो ते ती पदार्थापुरतं ठेवत नाहीत. 'लाडू वाईट' याचं 'मला लाडू आवडतो म्हणजे मी वाईट' व्हायला वेळ लागत नाही. मग ती लपवतात. चॉकलेटचे कागद उशीच्या अभ्र्यात, कंपासपेटीत, कपाटामागे. ते कागद सापडले की आपल्याला वाटतं मूल खोटारडं झालं. ते खोटारडं झालेलं नसतं. आपल्याला राग येईल एवढंच त्याला कळलेलं असतं.

अमेरिकेत १९९९ मध्ये जेनिफर फिशर आणि लीॲन बर्च या संशोधकांनी छोट्या मुलांवर एक प्रयोग केला होता. साधारण एकाच तऱ्हेची दोन बिस्किटं. एक मोकळं मिळायचं. दुसरं समोरच, पण पारदर्शक बरणीत बंद, आणि थोडाच वेळ उघडायचं. मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीकडे. त्याच्याबद्दल बोलणं, तेच मागणं, संधी मिळाली की तेच जास्त घेणं. चवीत मोठा फरक नव्हता, फरक झाकणाचा होता. आपल्याकडच्या वरच्या फळीवरच्या डब्याचंही हेच आहे. डबा जितका उंच, तितकी खुर्चीवर चढायची इच्छा मोठी.

मग काय, डबा खाली ठेवायचा? ठेवा, पण त्यात चारच लाडू ठेवा. घरात काय यायचं आणि कधी वाढायचं हे आपण ठरवायचं. वाढलेल्यातलं किती खायचं, हे मुलाला ठरवू द्यायचं. आपलं अर्धं काम दुकानातच होतं, घरी आल्यावर पोलीस व्हायची गरज कमी पडते.

आणि ते 'भाजी संपव, मग गोड देते.' हे आपण सगळेच म्हणतो. दमलेलो असतो, कुकरची शिट्टी होत असते, मूल दुधीची एकेक फोड ताटाच्या कडेला चिकटवत असतं. ते वाक्य म्हटलं की सुटका होते. पण मूल त्यातून शिकतं ते एवढंच, की दुधी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस. आपल्या जुन्या ताटाची रीत काय होती? गोड पहिल्यापासूनच ताटात. कोशिंबीर, भाजी, वरणभात आणि त्यांच्याच रांगेत वाटीभर खीर. नैवेद्याच्या ताटात तर सगळं एकदमच. जेवणानंतर बक्षीस म्हणून मिळणारं गोड ही आपली पद्धतच नाही. आम्ही आता रविवारी लहान तुकडा केक सरळ जेवणाच्या ताटातच वाढतो. आधी केक संपतो, हे खरं. पण मग त्याच्यासाठी घासाघीस करायला काही उरत नाही, आणि भाजी आपल्या गुणांवर खपते किंवा खपत नाही.

अजून एक भीती असते, साखर खाल्ली की मुलं उधळतात. यावरही १९९४ मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला होता. ज्या आयांना आपली मुलं साखरेने बिथरतात असं वाटत होतं, त्यांच्या मुलांना पेय दिलं, त्यात साखर अजिबात नव्हती. पण काही आयांना सांगितलं, की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त दंगा करताना दिसली! वर त्या मुलांवर जास्त टेहळणी ठेवू लागल्या आणि त्यांना जास्त टोकू लागल्या. पुढच्याच वर्षी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम सापडला नाही. वाढदिवसाला मुलं उधळतात ती वीस मुलं, फुगे आणि मोठ्ठं गाणं यांमुळे. साखर कमी करायला दात आहेत, पुढचं आरोग्य आहे, खरी कारणं पुरेशी आहेत. खोट्या कारणाने मुलाला टोकायची गरज नाही.

कमी करायचं तर गाजावाजा करू नका, एवढं मात्र मी नक्की सांगेन. 'उद्यापासून आपल्याकडे साखर बंद' अशी घोषणा झाली की त्याच रात्री घरातलं सगळ्यात शहाणं मूलही साखरेची स्वप्नं बघतं. दुधातले दोन चमचे आधी पावणेदोन करा, काही दिवसांनी दीड, मग सव्वा. जीभ सावकाश सवयीला येते, कुणाला कळतही नाही. आपल्या चहाचंही त्याच बरोबरीने करा. आईबाबांच्या कपात तीन चमचे नि मुलाच्या दुधात एक, हा न्याय मुलांना बरोबर दिसतो. आमच्याकडे चहाने मला जास्त रडवलं, मुलांच्या दुधाने नाही.

आजी-आजोबांशी भांडू नका. त्यांच्या हातून नातवंडाला काही गोड मिळणं ही त्यांचीही गरज असते, आणि दिवसभर घर तेच सांभाळत असतात. त्यांना ग्रॅम सांगू नका, वैतागतील. चिमटीबद्दल विचारा, खूश होतील. आमच्या सासूबाईंनी परवा मला बजावलं, "तुझ्या त्या केकवर वरून साखर टाकतेस ना, तेवढी पुरे, आत कशाला हवी?" ही कल्पना मुळात त्यांच्याच पोळीवरून उचललेली, पण मी काही बोलले नाही.

राहिले दुसऱ्यांच्या घरचे वाढदिवस. तिथे जाड क्रीमचा, गुलाबी गुलाब काढलेला केक असणारच. आपलं मूल तुकडा हातात घेतं आणि खाण्याआधी आपल्याकडे बघतं. त्या वेळी भुवई उंचावू नका, 'एवढासाच हं' म्हणून बोटांनी माप दाखवू नका, यजमानीणबाईंना 'आम्ही घरी फक्त ऑरगॅनिकच वापरतो' हे तर मुळीच सांगू नका. खाऊ दे त्याला, गुलाबासकट. परतताना रिक्षात किती तुकडे खाल्लेस म्हणून चौकशी नको, खेळ कुठले झाले ते विचारा. घरी आल्यावर दात मात्र घासायला लावा, झोपेने कितीही पेंगत असलं तरी.